मला काहीच चढलं नाही

रात्रीचा दीड वाजलाय. झोप येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

मुलगा साडेअकराला मित्राच्या वाढदिवसाहून आला. एकोणीस वर्षांचा आहे. मी विचारायच्या आधीच प्यायल्याचं सांगून टाकलं. लपवलं नाही, याचं बरं वाटलं. मग म्हणाला, "बाबा, बाकीचे सगळे आडवे झाले. मीही तेवढीच घेतली, पण मला काहीच चढलं नाही." आवाजात अभिमान होता. माझ्या पोटात खड्डा पडला.

हेच वाक्य बाविसाव्या वर्षी मी बोललो होतो. माझ्या वडिलांबद्दल, अण्णांबद्दल, तर लोक कौतुकाने म्हणायचे, गडी पचवतो! पण अण्णा काही पचवत नव्हते. रक्तात दारू सगळ्यांइतकीच असायची, फक्त जाणवायची कमी. दुसऱ्या पेल्यालाच ज्याचं डोकं गरगरतं, त्याला त्याचं शरीर थांबवतं. अण्णांना कोणी थांबवतच नव्हतं.

मार्क शुकिट या अमेरिकन डॉक्टरांनी व्यसनी बापांच्या विशीतल्या मुलांना ठरावीक मात्रेत दारू देऊन तपासलं होतं. रक्तातलं प्रमाण सारखं असूनही त्यातल्या अनेकांना इतरांपेक्षा कमी चढायची, तोलही कमी जायचा. १९९४ साली त्यांनी पुढचा हिशेब मांडला. सुमारे दहा वर्षांत, व्यसनी बापांच्या ज्या मुलांना कमी चढायची त्यांच्यातले ५६ टक्के व्यसनात अडकले होते. ज्यांना लवकर चढायची त्यांच्यातले १४ टक्के. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले, तेव्हा दारू सोडून मला बरीच वर्षं झाली होती. तरी हात गार पडले.

याच्या उलटही असतं. पूर्व आशियातल्या अनेकांच्या एका जनुकात असा बदल असतो की दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड शरीरात साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळतं. अशी माणसं सहसा व्यसनापर्यंत पोचत नाहीत. अण्णांना डॉक्टरांनी दिलेली डायसल्फिरामची गोळी हेच करायची. अण्णा आठवडाभर घ्यायचे आणि बंद करायचे. काहींना ती गोळी जन्मतःच मिळालेली असते, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

मी प्यायला लागलो तेव्हा नातेवाईक म्हणाले, खाण तशी माती. या म्हणीचा मला अजून राग येतो. जुळ्यांच्या अभ्यासांवरून धोक्याचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरतात. जन्मल्यावर लगेच दत्तक गेलेल्या, व्यसनी बापाला कधी न पाहिलेल्या मुलांतही तो दिसला, म्हणजे तो खराच आहे. पण निम्माच. त्या ५६ टक्क्यांच्या पलीकडेही ४४ उरतात. मी एकतिसाव्या वर्षी थांबलो, बायकोला सातवा महिना होता तेव्हा. सोपं नव्हतं, दोनदा घसरलो.

त्याच्या खोलीतला दिवा अजून चालू आहे. त्याला मी आजवर एवढंच सांगितलंय की आजोबा यकृताच्या आजाराने गेले. शेवटच्या वर्षी अण्णांचा हात इतका थरथरायचा की पेला धरवत नसे, आणि सकाळचे दोन घोट पोटात गेले की तोच हात स्थिर व्हायचा. तो पेला त्यांच्या ओठांना मी लावायचो. उद्या सकाळी हे सांगायचं आहे.