दोन गाड्यांच्या मधून बाईक घालायची, पण किती स्पीडनं?

हायवेला ट्रॅफिक तुंबलं की बाईकवाला मधल्या फटीतनं पुढं जाणार, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको. चिंचोली एमआयडीसीची शिफ्ट सुटल्यावर बघा, पाकणीजवळ टँकरची रांग लागलेली असते आणि पोरं डावीकडनं, उजवीकडनं, मधनं, जिथनं जमेल तिथनं निघतात. कुणी म्हणतं बेशिस्त, कुणी म्हणतं मग काय उन्हात उभं राहायचं का. मला विचाराल तर प्रश्न मधून जाण्याचा नाहीच, प्रश्न स्पीडचा आहे, आणि आपल्याकडं त्यावर कुणी बोलतच नाही.

माझा चुलत भाऊ कॅलिफोर्नियात असतो, तिकडं तो बाईकनं ऑफिसला जातो. मी त्याला विचारलं, दादा तुमच्याकडं तर लेनची लई शिस्त, मग जाममध्ये बाईक घेऊन अडकूनच पडत असशील? तर म्हणाला, नाही रे, आम्ही मधनंच जातो, कायद्यानं चालतं. मग मी बसून सगळं वाचून काढलं. तिकडं ह्याला लेन स्प्लिटिंग म्हणतात, 2016 मध्ये कायदा झाला आणि 1 जानेवारी 2017 पासून लागू आहे. अमेरिकेतल्याच युटा राज्यानं 2019 मध्ये परवानगी दिली पण फक्त थांबलेल्या गाड्यांच्या मधून, तेही ज्या रस्त्याची मर्यादा ताशी 72 किलोमीटरपर्यंत आहे तिथंच, आणि बाईकचा स्पीड 24 च्या वर जाता कामा नये.

कारपूल लेनचं, म्हणजे गाडी वाटून घेऊन जाणाऱ्यांसाठी राखलेल्या लेनचं, तर वेगळंच. रस्त्यावर पांढरा चौकटच्या पानासारखा आकार रंगवलेला असतो, त्या लेनमध्ये गाडीत किमान दोन माणसं पाहिजेत, काही ठिकाणी तीन, एकटा घुसला तर कमीत कमी 490 डॉलर दंड. पण बाईकवाला एकटा असला तरी त्याला त्या लेनमध्ये जाऊ देतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कायदाच तसा आहे, कारण सारखं थांबत-चालत राहणाऱ्या गर्दीत बाईकला मागनं धडक बसायची भीती जास्त. मला हे फार आवडलं, बाईकवाल्याचा जीव धरून कुणीतरी विचार केलाय. आपल्याकडं अशी लेन होणं अवघड आहे, सोलापूर-पुणे रस्त्याला एका बाजूला दोनच लेन, त्यातली एक राखून ठेवली तर उरलं काय. बाकी गाडी वाटून घेऊन जाणं आपल्याला नवीन नाही, मोहोळ-अक्कलकोटकडं शाळेवर जाणारे मास्तर लोक वर्षानुवर्षं तेच करतात.

आता मुद्द्याचं. कॅलिफोर्नियातल्याच बर्कलीच्या विद्यापीठानं 2015 मध्ये बाईकच्या जवळपास 6000 अपघातांचा अभ्यास मांडला, त्यातले 997 जण अपघाताच्या वेळी गाड्यांच्या मधून जात होते. निघालं असं की ट्रॅफिक ताशी 80 किंवा त्याहून हळू असेल आणि तुमचा स्पीड आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा 24 नं जास्त नसेल, तर मधून जाणं तसं सुरक्षित. फरक वाढला की मार लागायचं प्रमाण वाढतं. आणि कॅलिफोर्नियाचे हायवे पोलीस बाईकवाल्यांना सांगतात की मोठ्या गाड्यांच्या शेजारनं असं जाणं टाळा.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यासमोर पहिल्यांदा उसाची ट्रॉली आली. दिवाळीच्या आसपास कारखान्यांचं गाळप सुरू झालं की आपल्या जिल्ह्यातला कुठलाही रस्ता घ्या, ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही कारण मोळ्या त्याच्या डोक्याच्या वर गेलेल्या, आणि टेप फुल आवाजात. पुढची ट्रॉली खड्ड्यातनं गेली की मागची आधी एका बाजूला झुकते आणि मग दुसऱ्या बाजूला झोला खाते. ह्या झोल्यात आणि डिव्हायडरच्या मधल्या जागेत पोरं बाईक घालतात. ट्रॅक्टर चाललाय वीसनं, हा येतोय साठनं, म्हणजे फरक चाळीसचा, सेकंदाला 11 मीटर. ट्रॉली झुकायला लागलेली दिसेपर्यंत तुम्ही तिच्या शेजारी पोचलेला असता, ब्रेक मारायला जागाच नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, कार आणि रिक्षा थांबल्यात तर मधनं जा, सावकाश जा, पाय टेकवता येईल एवढ्या स्पीडनं जा. ट्रॅफिक चालू झालं की एका लेनमध्ये घुसा आणि तिथंच राहा. ट्रक, टँकर, एसटी, ट्रॉली, ह्यांच्या मधनं तर थांबलेले असले तरी नको, ट्रकवाल्याला आरशात तुम्ही दिसत नाही आणि तो सुटताना थोडं जरी वळला तरी जागा संपते. आणि हेल्मेट हँडलला अडकवून नका फिरू राव, डोक्यावर घाला.

कारवाल्यांनाही सांगायचंय. कॅलिफोर्नियात बाईकवाला अडावा म्हणून मुद्दाम दार उघडलं किंवा वाट अडवली तर तो गुन्हा आहे. आपल्याकडं बाईकवाला पुढं गेला ह्या रागानं कट मारणारे मी सोलापुरात सात रस्ता चौकात पण बघितलेत, हायवेला पण. तो पुढं गेल्यानं तुमचा एक मिनिट जात नाही, उलट तुमच्या पुढची रांग तेवढी कमी होते.

आणि ट्रॉलीवाल्या भावांनो, सीझन सुरू व्हायच्या आत मागच्या ट्रॉलीला मोठे रिफ्लेक्टर लावून घ्या, उसाखाली झाकले जाणार नाहीत असे खाली लावा, आणि टेपचा आवाज जरा कमी ठेवा, मागनं दिलेला हॉर्न तुम्हाला ऐकूच येत नाही.