तुमच्याएवढं नाही

सोमवार, रात्र.

फॅमिली ग्रुपवर तो फोटो सकाळपासून फिरतोय. बडोद्याच्या मावशीने हात जोडलेले इमोजी टाकलेत, म्हणजे तिला त्यात बहुतेक कुठला तरी देव दिसला असणार. दादाने अंगठा दिला. दादाने! रविवारी घरी आल्यावर माझ्या खोलीतून हीटगनचा वास आला की ज्याला ‘झाली का सोंगं सुरू’ एवढंच सुचतं, त्याने त्या चंदेरी माणसाला अंगठा दिला आणि खाली लिहिलं, ‘काय फिनिशिंग आहे!’

तो चंदेरी माणूस मी आहे, ‘द मँडलोरियन’ मालिकेतल्या चिलखतवाल्या नायकाच्या वेषात. घरात कुणाला माहीत नाही. आईचं सांगता येत नाही. एवढी मोठी पिशवी घेऊन मैत्रिणीकडे कोण जातं, हे तिला कळत नसेल असं नाही. पण तिने फोटो पाहिला, निळ्या खुणा आल्या, आणि ती काहीच बोलली नाही. ते एक राहू दे.

काल कॉमिक कॉन, म्हणजे कॉमिक्स-सिनेमांच्या वेड्यांचा मेळावा, जिथे आमच्यासारखे आवडत्या पात्राचा वेष करून जातात, त्यालाच कॉस्प्ले म्हणतात. आणि नेमका मेगाब्लॉक. हेल्मेटची पिशवी पोटाशी धरून डोंबिवलीहून कुर्ला, तिथून रिक्षाने बीकेसी. आत गेल्यावर प्रॉप तपासणीची रांग. धातूचं काही नाही ना, टोकदार काही नाही ना, म्हणून बंदूक वाकवून बघतात. फोमची आहे, वाकते बिचारी. मग कपडे बदलायला गर्दी, आणि एकदाचं सगळं अंगावर चढलं की पुढचे काही तास मी कुणीच नसते. तेच तर हवं असतं.

दुपारी आर्टिस्ट ॲलीच्या, म्हणजे चित्रकारांच्या स्टॉल्सच्या गल्लीच्या, तोंडाशी उभी होते. मागून आवाज आला, “दादा, एक फोटो काढू का याच्याबरोबर?”

वहिनीचा आवाज.

व्हायझर काळा, त्यावर आतून वाफ धरलेली. पॉवर बँकेवरचा इवलासा पंखा कानापाशी घुरघुरतोय. त्या हेल्मेटमधून खाली बघायची सोयच नाही, त्यामुळे चिकू मला दिसला नाही, आधी त्याचा हात मांडीच्या कवचाला लागला. “हा खरा ग्रोगू आहे?” ग्रोगू म्हणजे त्या नायकाबरोबरचं छोटं हिरवं बाळ, माझ्याजवळ त्याचा बाहुला होता. मी मान हलवली. “याला भूक लागली असेल.” मी पुन्हा मान हलवली. बोलले असते तर संपलंच असतं. मग तो फोटोसाठी माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि सहज म्हणाला, “माझी आत्यापण असलं हेल्मेट बनवते. पण तिचं काळं आहे.”

वहिनी हसली. म्हणाली, “हो, याची आत्या पण करते हे सगळं. तुमच्याएवढं नाही जमत तिला, पण फार मनापासून करते हो. रात्र रात्र बसते.”

थँक यू दादा, आणि गेले दोघं.

तुमच्याएवढं नाही जमत तिला. कालपासून हे डोक्यातून जात नाहीये. कुर्ल्याला उभ्याने, घरी हातपाय धुताना, आज ऑफिसात मीटिंग चालू असताना. जमत नाही म्हणजे काय? तिने पाहिलंय तरी काय माझं? पुठ्ठ्याचं ते पहिलं चिलखत, चिकूच्या वाढदिवसाला रंग तडकलेला तो खांदा, आणि चंदेरी व्हायच्या आधीचं काळं हेल्मेट, बस. त्यावरून ठरवलं. नंतरचं कुणी पाहिलंच नाही, कारण कुणी विचारलंच नाही. छातीला दहा मिलीमीटरचा ईव्हीए फोम, हाताला पाच मिलीमीटरचा. आधी हीटगन फिरवून त्याची छिद्रं बंद करायची, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचे हात द्यायचे, एक वाळला की दुसरा, नाहीतर फोम सगळा रंग पिऊन टाकतो. जोडायला एसआर ९९८, त्याच्या वासाने डोकं उठतं म्हणून ऐन थंडीत खिडकी उघडी. आतला करडा कपडा हिंदमाताचा. शिंप्याने तीनदा विचारलं, मॅडम हे नक्की तुमच्याच मापाचं शिवायचं ना. एवढं सगळं त्या भिंतीपलीकडे चालतं आणि भिंतीअलीकडे त्याचं नाव काय, तर सोंग. एखाद्याच्या मुलीने भरतनाट्यमचे दागिने स्वतः केले असते तर शेजारच्यांना बोलावून दाखवले असते. वयाच्या या टप्प्यावर ‘हिला काहीतरी नाद आहे’ एवढीच ओळख उरावी, हे…

जाऊ दे. हे वाक्य पूर्ण केलं तर रडू येईल, आणि उद्या लवकरची लोकल आहे.

पण मी हेल्मेट का काढलं नाही? त्या नायकाच्या पंथातल्या मँडलोरियनने कुणासमोर हेल्मेट काढायचं नसतं, हा त्या मालिकेतला नियमच आहे. उत्तर छान आहे, पण ते मला ट्रेनमध्ये सुचलं. त्या क्षणी डोक्यात नियम नव्हता. त्या क्षणी मला फक्त ते पुढचं वाक्य ऐकायचं होतं. माझ्याबद्दल मी नसताना काय बोलतात, ते. आणि वहिनी बोलली ते काही वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. ‘मनापासून करते’ हे तिने मला कधी म्हटलेलं नाही. अनोळखी माणसाला म्हणाली. रात्र रात्र बसते हे तिला कसं माहीत? म्हणजे मुक्कामाला असते तेव्हा माझ्या दाराखालचा उजेड तिला दिसतो. दिसतो, आणि दार वाजवत नाही.

दाराचं सोडा. मीही कधी उघडलेलं नाही.

आणि तिने विचारलं. ‘काढू का’ म्हणून विचारलं. सगळे विचारत नाहीत. मागे एका ठिकाणी, दुसऱ्या पोशाखात… त्याबद्दल आज लिहायचं नाहीये. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये, कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे, असे मोठे फलक लावले होते. ते लावावे का लागले असतील हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. त्यानंतर मी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेलं पात्र निवडलं एवढंच. आता मला सगळे दादा म्हणतात. परवडतं.

त्या मालिकेतही गंमत आहे. नाव पेद्रो पास्कालचं, आवाज त्याचा, पण चिलखतात कितीतरी वेळा ब्रेंडन वेन किंवा लतीफ क्राउडर असायचे. वेन हा काउबॉयपटांतल्या जॉन वेनचा नातू, बंदूक कमरेला लावून चालायचं कसं हे त्याच्या रक्तातच असणार. २०२३ च्या तिसऱ्या सीझनमध्ये कुठे त्या दोघांची नावं पास्कालच्या बरोबरीने आली. आणि १९३९ ची ती मोरोजो, मर्टल डग्लस. न्यूयॉर्कच्या पहिल्या वर्ल्डकॉनला, म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांच्या संमेलनाला, फॉरेस्ट ॲकरमन नावाचा चाहता भविष्यातल्या माणसाच्या वेषात आला म्हणून त्याचे गोडवे गातात. तिचाही वेष होता आणि दोन्ही तिनेच शिवले होते. आत कोण आहे हे लोकांना कळायला वेळ लागतो, हे भोगणारी मी काही पहिली नाही.

असं म्हणून बरं वाटायला हवं. थोडं वाटलंही.

लहानपणी गावी बहुरूपी यायचा, पोलिसाच्या वेषात. दारात उभा राहून ‘वॉरंट आहे’ म्हणून दरडावायचा, आजोबासुद्धा क्षणभर चपापायचे. मग तो हसायचा, आणि आजी सुपातून धान्य आणायची. ओळख दिली नाही तर शिधा मिळत नाही, इतका साधा हिशोब. मी काल ओळख न देताच निघून आले आणि आता शिध्यासाठी रुसून बसलेय.

शिवाय, नीट बघितलं तर वहिनीच्या मते मला हरवलंय कुणी? मीच ना. दादाने ‘काय फिनिशिंग’ म्हटलं ते कुणाच्या फिनिशिंगला? या घरात माझ्या कामाची एवढी तारीफ आजवर झालेली नाही. फक्त ती भलत्याच्याच खात्यावर जमा झालीये. आता राग तरी कुणाचा करायचा, त्या भलत्याचा? तो आत्ता कपाटावर गोणपाट पांघरून बसलाय.

साडेनऊला वहिनीचा फोन आला.

“अगं, मला त्या माणसाला विचारायला हवं होतं, ते इतकं चकचकीत कसं करतात. तुझं हेल्मेट काळंच राहिलंय ना अजून?”

“ग्राफाईटची पावडर असते,” मी म्हटलं. “काळ्या चकचकीत रंगावर घासायची. मऊ कापडाने.”

“फोटोवरून कळतं तुला एवढं?”

“थोडंफार.”

“मग तू का नाही करत तसं?”

करते म्हटलं. तर म्हणाली, रविवारी येतोच आहोत, चिकूसमोरच घास, त्याला बघायचंय काळ्याचं चंदेरी कसं होतं ते. बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणजे आता रविवारपर्यंत दुसरं एक काळं हेल्मेट करणं आलं.