स्टार्टरच्या पेटीतली पट्टी: चौथी नोंद

थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या पीएलए प्लास्टिकच्या वाकवलेल्या पट्ट्या गरम पाण्यात सरळ होतात, आता त्या किती टिकतात ते बघू, असं मागच्या नोंदीत लिहिलं होतं. बघून झालं. आखाड्यावरची, म्हणजे शेतातल्या विहिरीवरची, पट्टी नवव्या दिवशी नापास.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्या नानांच्या विहिरीवर थ्री फेज लाइट बहुतेक रात्रीची असते. स्टार्टरमधला एखादा स्क्रू ढिला पडला की तिथली वायर तापते. मग लाइट जाते आणि सकाळी हात लावून बघावं तर सगळं गार. म्हणून वायरला वाकवलेली पट्टी बांधायची. वायर तापली की पट्टी सरळ होणार आणि गार झाल्यावरही सरळच राहणार. शेप मेमरी पॉलिमर (तापवल्यावर मूळ आकाराकडे जाणारं प्लास्टिक) आपणहून परत वाकत नाही, याला बरेच जण खोट समजतात. मला नेमकं तेच पाहिजे.

पट्टी ८० × १० × १ मिमीची, थर लांबीच्या दिशेने. (थर आडवे ठेवले तर दुसऱ्याच वेळी काडकन मोडते, तो नाद सोडा.) ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवायची, २० मिमीच्या पाइपवर ‘यू’ करायची आणि तशीच धरून माठातल्या पाण्यात बुडवायची. परत गरम पाण्यात सोडली की उलगडते. पहिल्या वेळी १८० पैकी १६६ अंश उलगडली, पुढे १७२ ते १७४. पहिला आकडा कधीच धरू नका. प्रिंट करताना नोझल धागा ओढत जाते, तो ताण पट्टीत गोठून राहतो आणि पहिल्या गरम पाण्यात सुटतो. पट्टी लांबीतही थोडी आखडते. मी आता कोरी पट्टी आधी एकदा उकडून घेतो. तिसाव्या फेऱ्याच्या (एकदा वाकवून उलगडली की एक फेरा) आसपास वाकावर थरांमध्ये पांढुरकी रेघ आली, ४७ व्या फेऱ्याला तडा.

याच्या तुलनेत मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी काळी हीट श्रिंक स्लीव्ह बघा. तीही शेप मेमरीच, आणि १९६० च्या दशकापासून बाजारात आहे. त्यातल्या पॉलिथिनच्या लांब रेणूंच्या साखळ्या रेडिएशन देऊन एकमेकींना कायमच्या जोडलेल्या असतात, म्हणून ताणलेली नळी मूळ मापाकडे परत येते. पीएलएच्या साखळ्यांना अशा गाठी नाहीत, त्या नुसत्या गुंतलेल्या. दर वेळी थोड्या घसरतात आणि ते घसरणं परत भरून येत नाही. म्हणजे आपल्या प्रिंटरच्या पट्टीला हजार फेऱ्यांची अपेक्षा लावणं चूक आहे. सुदैवाने मला हजार नकोत. वर्षातून दोन-चार वेळा साक्ष दिली तरी पुरे.

पण ती नापास झाली फेऱ्यांमुळे नाही. पेटीचं तोंड पश्चिमेला. एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता आत ५२ अंश. पीएलएचं काचसंक्रमण (प्लास्टिक मऊ पडायला लागतं ते तापमान) ६० च्या आसपास, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ते काही स्विचसारखं नसतं. खालच्या तापमानालाही साखळ्या हळूहळू सैल होतात आणि रोजच्या चार-पाच तासांत पट्टी थोडी थोडी उघडत गेली. नवव्या दिवशी ‘यू’चा विळा झाला होता. नाना म्हणाले, “का रं, वायर तर गार हाय. तुझी पट्टी उन्हालाच भ्याली काय?”

म्हणून आता पीईटीजी, प्रिंटरचंच दुसरं प्लास्टिक. त्याचं काचसंक्रमण ८० च्या आसपास, त्यामुळे पाणी उकळीच्या जवळ लागतं आणि हाताऐवजी सांडशी. २२ फेरे झाले, शेवटी १६९ अंश, तडा नाही. वायरच्या तुकड्यावर बांधून हॉट एअर गनने तापवली तेव्हा ७६ ला हलायला लागली, ८४ ला जवळपास सरळ.

इथे एक अडचण आहे. साध्या पीव्हीसी वायरच्या इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश. म्हणजे पीईटीजी बोलेल तेव्हा वायर मार खाऊन बसलेली असेल. पीएलए वेळेवर सांगते, पण ऊन आणि वायर यातला फरक तिला कळत नाही. त्यामुळे दोन्ही लावल्या: पांढरी पीएलए, लाल पीईटीजी. पांढरी एकटी उघडली तर आधी उन्हावर संशय घ्यायचा, लालही उघडली तर मेन स्विच पाडून वायरमनला बोलवायचं. बसवतानाही मेन पाडून त्यालाच हात घालू दिला. ४१५ व्होल्टच्या पेटीत हौस नको.

पेटीला पश्चिमेकडून पोत्याचा आडोसा केलाय. आत आता दुपारी ४५ च्या वर जात नाही. बारा दिवस झाले, लाल जशीच्या तशी, पांढरी ४ अंश उघडली. कोनमापकावर दर रविवारी मोजतोय. वैशाख अजून जायचाय.