तुम्ही विचारलंत म्हणून: रेकॉर्डिंगमधला तो आवाज खरंच भुताचा असतो का?

साउंड एडिटिंगचं काम करते असं कळलं की कुणी ना कुणी मोबाईल पुढे करतंच, "ताई, हे जरा ऐका ना, बाईचा आवाज येतोय ना यात?" कधी गावाकडच्या बंद घरातली क्लिप असते, कधी किल्ल्यावर मुक्कामाला गेलेल्या पोरांची, आणि कधी घरातलं माणूस गेल्यावर त्यांच्या खोलीत मुद्दाम रात्रभर चालू ठेवलेल्या फोनमधली. प्रश्न एकच, हे खरं आहे का? चालता चालता देण्यासारखं उत्तर नाही हे, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी आधी क्लिप आणणाऱ्यालाच थांबवते, तुम्हाला काय ऐकू येतं ते सांगू नका म्हणते. कारण एकदा तुम्ही म्हणालात की ती "इथून जा" म्हणतेय, की मलाही तेच ऐकू येणार, आणि मग ते कानातून जाता जात नाही. सगळ्यांचंच असं होतं. 1970 साली रिचर्ड वॉरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने रेकॉर्ड केलेल्या वाक्यातल्या एका शब्दाचा तुकडा कापून तिथे खोकला टाकला, तर लोकांना शब्द अख्खा ऐकू आला आणि खोकला नेमका कुठे होता तेही सांगता येईना. 1981 मध्ये रॉबर्ट रेमेझ आणि सहकाऱ्यांनी तर एक बोललेलं वाक्य नुसत्या तीन शिट्टीसारख्या सुरांत उतरवलं, काही न सांगता ऐकवलं तर बहुतेकांना मशीनचे आवाज वाटले, हे बोलणं आहे असं आधी सांगून ज्यांना ऐकवलं त्यातल्या बऱ्याच जणांना मात्र शब्द कळले. त्यामुळे व्हिडिओवर खाली आधीच वाक्य लिहून आवाज ऐकवतात ना, तो पुरावा मी धरतच नाही. मी काय करते, क्लिप दोन-तीन जणांना वेगवेगळं बसवून ऐकवते आणि कागदावर लिहायला लावते, आणि बहुतेक वेळा कागद जुळत नाहीत.

रेकॉर्डिंगमध्ये गेलेल्या माणसांचे आवाज शोधायचा हा छंद तसा जुना आहे. 1959 मध्ये स्वीडनमध्ये फ्रीडरिश युर्गेन्सन नावाचा चित्रकार पक्ष्यांचे आवाज टेप करत होता, त्या टेपवर त्याला माणसांचे आवाज ऐकू आले. त्याच्यामुळे कॉन्स्टँटिन रौडिव्ह हा मूळचा लॅटव्हियाचा अभ्यासक यात पडला आणि आयुष्यातली कितीतरी वर्षं त्याने असे हजारो आवाज गोळा केले. रौडिव्हची तळमळ खोटी नव्हती असंच मला वाटतं. पण त्याचे आवाज दोन-चार शब्दांच्या वाक्यात तीन-तीन भाषा बोलायचे, आणि त्या भाषा त्याला स्वतःला येणाऱ्या, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आमच्या स्टुडिओतही हेच बघितलंय, ज्या खरखरीत मला मराठी ऐकू येतं तिथेच माझ्या कन्नड सहकाऱ्याला कन्नड ऐकू येतं. पुढे कॅनडात इमांट्स बारूस यांनी हा प्रयोग नीट पद्धतशीर करून बघितला, 2001 मध्ये निष्कर्ष छापला, त्यांच्या टेपवरही बोलण्यासारखं काहीबाही आलं पण पलीकडून कुणी बोलतंय असं म्हणावं असं काही मिळालं नाही.

कानाचं झालं, आता मशीनचं. फोन आणि स्वस्तातले रेकॉर्डर शांतता झाली की माईकचा आवाज आपोआप वाढवतात, मग आजूबाजूचं सगळं वर येतं. त्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड असते, आवाज वर न जाता खाली वळतो आणि लांबचा स्पीकर, लांबची भांडणं जवळ असल्यासारखी येतात. मग ती फाईल व्हॉट्सअॅपवरून तीनदा फॉरवर्ड होऊन दाबली जाते, वर कुणीतरी हौसेने नॉइज काढायचं ॲप चालवतं आणि उरलेली खरखर अशी काही वळवळते की कुजबुज वाटावी.

एक क्लिप सांगते. कोकणातलं जुनं घर, "ये ना" असा स्पष्ट आवाज, अख्खं घर घाबरलेलं. मी मूळ व्हिडिओ मागवला आणि आवाजाचा आलेख काढला. माणूस सुरात बोलला की त्यात समान अंतरावर एकावर एक आडव्या रेघा दिसतात. इथे एकही रेघ नाही, नुसता धुरकट पट्टा, बरं कुजबुजीतही रेघा नसतात म्हणून तेवढ्यावर मी थांबले नाही. पावलांचा आवाज त्या रिकाम्या खोलीत घुमत होता, हा आवाज अजिबात घुमत नव्हता, म्हणजे अगदी माईकला चिकटून झालेला. चित्र सावकाश पुढे सरकवलं तर नेमकं तिथेच फोन हलतो, हात बदललाय, बोट माईकवरून घासलंय. त्यांना तसंच पुन्हा करायला सांगितलं, आला आवाज.

गेलेल्या माणसाचा आवाज शोधणारे येतात तेव्हा मात्र मी आलेख-बिलेख लगेच उघडत नाही, आधी त्यांचं ऐकून घेते. खोटं बोलत नाही, हो म्हणून त्यांना बरं वाटेल हे कळतं, पण मग ते रोज रात्री फोन लावून ठेवतील आणि उद्या कुणीतरी त्याचेच पैसे उकळेल, याचा मला मनापासून राग येतो. एका काकूंना मी सांगितलं की हे काका नाहीत, फॅन आहे, आणि काकांच्या जुन्या फोनमधल्या खऱ्या व्हॉइस नोट्स काढून साफ करून दोन ठिकाणी सेव्ह करून दिल्या. "भाजी आणू का" एवढंच आहे एकीत. त्या ऐका, त्यात ते खरंच आहेत.

"पण ताई, एखादा तरी आवाज असेल ना जो तुम्हालाही कळला नाही?" हेही विचारता तुम्ही. असतात ना, बरेच असतात. बहुतेकदा मूळ फाईलच नसते, खोलीत कोण कुठे उभं होतं ते कुणाला आठवत नसतं, दुसरा रेकॉर्डर लावलेला नसतो. अशा वेळी मी "माहीत नाही" असं सांगते आणि तिथेच थांबते, त्याच्या पुढे "म्हणजे भूतच" हे तुम्हीही जोडू नका. दोन रेकॉर्डर वेगवेगळ्या कोपऱ्यात ठेवा, खोलीत कुणी खोकलं, हललं तरी तिथल्या तिथे मोठ्याने बोलून नोंदवा, आणि फाईल केबलने काढून तशीच्या तशी आणा. मी बसून ऐकेन.