आमची वाटचाल : गाद्या शिवता शिवता खेळांपर्यंत

आमचा व्यवसाय सुरू झाला तो पाळणाघरांसाठी झोपायच्या गाद्या शिवण्यापासून. फोम कापायचा, रेक्झिनचं कव्हर शिवायचं, चेन लावायची आणि माल पोचवायचा, एवढंच काम होतं. पण माल उतरवून होईपर्यंत मुलं त्या नव्या गाद्यांवर यथेच्छ उड्या मारून घ्यायची. ताई रागवायच्या, मुलं थांबायची नाहीत. एका पाळणाघराच्या संचालिका शेवटी म्हणाल्या, "उड्या मारायलाच एक वेगळी गादी करून द्या, म्हणजे झोपायच्या तरी टिकतील." ती गादी केली आणि आमचं काम हळूहळू त्याच दिशेला वळत गेलं.

उड्यांची गादी जितकी मऊ तितकी चांगली, असं वाटणं साहजिक आहे. पण फार मऊ फोममध्ये लहान पाऊल रुततं आणि घोटा वळतो. म्हणून आम्ही खाली घट्ट फोम आणि वर मऊ फोमचा पातळ थर देतो. चेनचं टोक कापडाच्या घडीत जातं, म्हणजे त्याला मुलांची बोटंही लागत नाहीत आणि दातही. कारखान्यात आमच्याकडे 31.7 मिलिमीटर व्यासाचं एक नळकांडं असतं. जी सुटी वस्तू त्यात पूर्ण मावते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, म्हणून ती मालाबरोबर जात नाही. फुगेही आम्ही देत नाही, कितीही मागणी असली तरी. फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात बसला तर निघणं महाकठीण. त्याऐवजी झिरझिरीत कापडाचे रुमाल देतो. वर उडवला की तो सावकाश तरंगत खाली येतो आणि दोन वर्षांच्या मुलालाही बघून, हात पुढे करून पकडायला वेळ मिळतो.

2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान 180 मिनिटं हालचाल व्हावी आणि तीन-चार वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली 60 मिनिटं धाप लागेल अशी असावी, असं त्यात म्हटलं आहे. रांगायला न लागलेल्या बाळांना जागेपणी थोडं थोडं करून निदान अर्धा तास पालथं ठेवावं, हेही त्यात आहे. जे मूल जागेपणाचा बहुतेक वेळ पाळणाघरात घालवतं, त्याची ही मिनिटं तिथेच भरली पाहिजेत. बाहेर ऊन असो, पाऊस असो, अंगण असो वा नसो.

मात्र नुसत्या सामानाने हे होत नाही. एकटी ताई आणि भोवती डझनभर मुलं असली की कोपऱ्यातला मुलांनी रांगत जायचा बोगदा काढून, मांडून, पुन्हा घडी घालणार कोण? जो खेळ मांडायला वेळ लागतो तो खेळला जात नाही, हे आम्ही खोलीमागून खोली पाहिलं. तेव्हापासून आम्ही प्रत्येक वस्तूबरोबर खेळ लिहून देऊ लागलो, आणि जागा बघायला जाताना मेजरिंग टेपबरोबर मास्किंग टेपचं रीळही न्यायला लागलो. बऱ्याचदा टेबलं भिंतीला सरकवून जमिनीवर त्या चिकटपट्टीची एक रेघ मारली तरी काम होतं. माँटेसरीच्या वर्गात रेषेवरून चालणं पूर्वापार आहेच. अडीच वर्षांचं मूल त्या रेघेवर येतं तेव्हा बघण्यासारखं असतं. दोन्ही हात पसरलेले, जीभ बाहेर, नजर अंगठ्यावर. एक पाऊल रेघेवर पडतं, दुसरं बाजूला, मग ते थांबून पाऊल उचलून नीट रेघेवर ठेवतं. तिथे ताईने "शाब्बास"ची घाई करू नये असं मला वाटतं. ते मूल स्वतःच स्वतःला तपासत असतं.

बीन बॅगचंही, म्हणजे दाणे भरलेल्या लहानशा पिशवीचंही, असंच. चेंडू निसटला की घरंगळत जातो आणि निम्मा वेळ त्याच्यामागे पळण्यात जातो. बीन बॅग पडते तिथेच राहते, मुठीत नीट मावते. डोक्यावर ठेवून चाला, पायांत धरून उड्या मारा, अस्वलासारखं चार पायांवर चालताना पाठीवर न्या. या अस्वलाच्या चालीत बराच भार तळहातांवर आणि खांद्यांवर येतो, आणि पुढे पेन्सिल धरणाऱ्या हाताला हीच ताकद लागते.

खेळ लिहिताना एक गोष्ट आम्ही कटाक्षाने पाळतो. आमच्या खेळात कुणीही "आउट" होत नाही. जे मूल लवकर बाद होतं, त्यालाच बहुतेक वेळा हालचालीची सर्वांत जास्त गरज असते आणि तेच बसून राहतं! म्हणून संगीत खुर्चीत गाणं थांबल्यावर बैठकी कमी करायच्या, मुलं नाही. शेवटी उरलेल्या एका बैठकीवर सगळ्यांनी कसंबसं मावायचं, आणि तिथला हशा ऐकण्यासारखा असतो. रांगही नको. तीन वर्षांच्या मुलाकडून पाळीसाठी उभं राहण्याची अपेक्षा ठेवली की ढकलाढकली ठरलेली. पायरी, बोगदा, रेघ, पुन्हा पायरी असं गोल मांडलं आणि सगळ्यांना एकाच दिशेने फिरवलं, की कुणी थांबत नाही आणि समोरासमोर टक्करही होत नाही.

"मुलं चेकाळतात, मग झोपत नाहीत" ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकायला मिळते. तक्रार खरी आहे, पण तिचा उपाय खेळ बंद करणं नव्हे, त्यांचा क्रम लावणं हा आहे. आधी उड्या. मग "स्टॅच्यू", कारण पळता पळता स्वतःला थांबवणं हा या वयात मोठाच अभ्यास. मग ओझ्याचं काम: गाद्या ढकलत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत न्यायच्या. ढकलण्या-ओढण्याने स्नायूंना जो भार मिळतो, त्यानंतर मुलं शांत झालेली दिसतात. शेवटी गोगलगायीच्या वेगाने आपापल्या गादीवर. म्हणून झोपायच्या गाद्यांना आम्ही आता मुलांच्या हाताला येतील असे पट्टे शिवतो.

सध्या आम्ही आमची मालाची यादी नव्याने लावतो आहोत. पूर्वी ती मुलांच्या वयाप्रमाणे होती, आता खोलीच्या आकाराप्रमाणे असेल. अरुंद व्हरांडा, खांब मध्ये आलेली खोली, तान्ह्या बाळांचा कोपरा असलेली एकच खोली, अशा प्रत्येक जागेसाठी कोणते खेळ बसतात आणि त्यातल्या किती खेळांना आमच्याकडून काहीच घ्यावं लागत नाही, हेही त्यात छापणार आहोत.