फाउंडेशन चार बदलली, दुखणं ब्रशात होतं

माझी स्किन लहानपणापासून नखरेल आहे. लोकरीचा स्वेटर घातला की मानेला पुरळ, इमिटेशनचे कानातले दोन तास घातले की पाळ्या सुजणार, होळीच्या दुसऱ्या दिवशी तर मी घराबाहेरच पडत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी दोन्ही गालांवर लाल गोल उठले तेव्हा मला फार नवल वाटलं नाही, म्हटलं फाउंडेशन सूट झालं नसेल. बदललं. परत तेच. पुन्हा बदललं. असं करत चार झाली, त्यातलं एक तर इतकं महाग होतं की नवऱ्याला किंमत अजून सांगितलेली नाही. मधल्या काळात आईचं साय-हळद-बेसन झालं (आग आग झाली), शेजारच्या काकूंचं कोरफड झालं, आणि आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या ताईंनी सांगितलं की खोबरेल लाव, आम्ही स्टेजचा मेकअप वर्षानुवर्षं खोबरेलनेच उतरवतो, काही होत नाही. त्यांना होत नसेल.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. पिशवीभर बाटल्या घेऊन गेले होते, वाटलं त्या एकेक वाचून गुन्हेगार दाखवतील. मॅडमनी बाटल्यांकडे बघितलंच नाही आधी, माझा चेहरा उजेडात धरला आणि विचारलं, "हे सगळं लावता कशाने?" मी म्हटलं ब्रशने. "कसं लावता, करून दाखवा." मी हवेत गोल गोल हात फिरवून दाखवला आणि त्या म्हणाल्या, "बघा, फाउंडेशन तुम्ही कपाळालाही लावता आणि हनुवटीलाही, पण लाल फक्त तिथेच आहे जिथे तुम्ही घासता."

खरं सांगते, मला तिथे बसल्या बसल्या लाज वाटली, कारण वर्षभर आरशात बघत होते मी.

तरी अ‍ॅलर्जी आहे का बघायला पॅच टेस्ट करायला लावली. पाठीवर छोट्या छोट्या वाट्या लावलेल्या पट्ट्या चिकटवतात, त्यात एकेक पदार्थ असतो, ४८ तासांनी काढतात आणि मग परत दोन दिवसांनी बोलावून बघतात, तोवर पाठीला पाणी नाही, घाम येऊ द्यायचा नाही. मे महिन्यात. सांगलीत. असो. गंमत म्हणजे आपल्याकडच्या टेस्टमध्ये गाजरगवतसुद्धा असतं, ते शेतात उगवतं तेच काँग्रेस गवत, त्याची अ‍ॅलर्जी आपल्याकडे पुष्कळ लोकांना असते म्हणे. मला ते नव्हतं. मला निघालं निकेल आणि सुगंधी द्रव्यं. मॅडमनी समजावलं की अ‍ॅलर्जी हा एक भाग आणि नुसत्या घासण्याने कातडी सोलवटणं हा दुसरा, तुमच्यात दोन्ही आहेत. सहा आठवडे मेकअप बंद, फक्त मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, दोन्ही बिनवासाचे.

गाल शांत झाले आणि मग मी माझा जुना सेट काढून बघितला. ऑनलाइन घेतलेला, बारा ब्रश, काळा कुळकुळीत, पाउच फ्री. मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवला तर ठीक वाटला. मग सरळ उभा धरून टेकवला आणि हलकेच दाबला, तर टुचटुच टोचला, अगदी स्वेटरच्या कॉलरसारखा. ही खरी टेस्ट. दुकानात सगळे ब्रश आडवे फिरवून "कित्ती मऊ" म्हणतात, आडवा तर झाडूही मऊ लागतो, त्वचेला लागतं ते टोक. केस जाडे आणि टोकं सरळ कापलेली असली की टोचतं, टोकाकडे निमुळते होत गेलेले असले की नाही टोचत. मग तो ब्रश मगभर पाण्यात बुडवला तर पाणी राखाडी झालं, म्हणजे रंगही सुटत होता. आणि त्याच्या मुळाशी काय होतं सांगू? भांडी घासायच्या लिक्विडचा लिंबाचा वास. कारण मी ब्रश त्यानेच धूत होते आणि नीट निघतच नव्हतं ते. सुगंधाची अ‍ॅलर्जी असलेली बाई रोज सकाळी लिंबाचा वास गालावर चोळत होती.

मग मारुती रोडला खरेदी. दुकानातली मुलगी म्हणाली, "मॅडम नॅचरल हेअर घ्या, नॅचरल ते नॅचरलच." नॅचरल म्हणजे शेळीचे, खारीचे, घोड्याचे असे केस असतात. कॅमल हेअर लिहिलेल्यात उंट नसतोच, तेही खार नाहीतर शेळी असलं काहीतरी असतं. चांगला शेळीच्या केसांचा ब्रश मी तिथे हातात घेतला आणि मऊ होता, खोटं कशाला बोलू. पण प्राण्याच्या केसाला आपल्या केसासारखीच बारीक खवलं असतात, त्यात पावडर छान धरली जाते तशी तेल, घाण आणि साबणही धरला जातो, आणि क्रीम किंवा लिक्विड असेल तर केस ते पितात, मग तुम्ही अजून घासता. शिवाय ओला झाला की गोठ्याचा वास येतो. मला रोज लिक्विड लागतं म्हणून मी सिंथेटिक घेतले, तेही फक्त तीन. एक मोठा फुगीर, लांब केसांचा, पावडरला. एक मध्यम, फाउंडेशनला. एक बारीक डोळ्यांना, तो पापणीवर टेकवून बघितला आधी, स्वतःचा स्वच्छ नवा मागून, टेस्टरचा नाही, टेस्टर कोणाकोणाच्या तोंडाला लागलेला असतो. गच्च भरलेला बफिंग ब्रश ती मुलगी फार आग्रहाने देत होती, फिनिश भारी येतं म्हणून. येत असेल, पण तो घासण्यासाठीच बनवलेला असतो. नको म्हटलं. काळ्या ओढणीवर तिन्ही झटकून बघितले, एक केस पडला, तेवढं चालतं.

आणि निकेल? ब्रशचा जो धातूचा गळा असतो तो चेहऱ्याला लागत नाही, पण मी ब्रश नेमका तिथेच धरायचे. आता दांडीला धरते. त्याचा अजून एक फायदा झाला, लांबून धरला की जोर आपोआप कमी लागतो. आता फिरवत नाही, टेकवत टेकवत लावते, वेळ लागतो, ऑफिसला पाच मिनिटं उशीर होतो.

धुण्याचं म्हणाल तर सगळे बेबी शॅम्पू सांगतात, पण त्यालाही छान वास असतोच की. मी तोंड धुवायला जो बिनवासाचा क्लेन्झर आहे त्यानेच धुते, आठवड्यातून एकदा, कोमट पाण्यात, तळहातावर फिरवून, केस खाली करून, म्हणजे गळ्यात पाणी जाऊन डिंक सुटत नाही. मग टेबलाच्या कडेला केस बाहेर ठेवून आडवे वाळत घालते. पावसाळ्यात दोन दोन दिवस वाळत नाहीत, तेव्हा मी सरळ बोटांनी लावते. बोटांइतका मऊ ब्रश मला अजून मिळालेला नाही.

खरी परीक्षा डिसेंबरात झाली, राज्य नाट्य स्पर्धेला. मला सत्तरीची आजी करायची होती. मेकअप रूममध्ये रंगभूषाकार काकांचा एकच डबा, एकच स्पंज, आम्ही अकरा जण रांगेत. मी माझं पाउच घट्ट धरून उभी, काकांना सांगायचं कसं, चाळीस वर्षं रंगवतायत ते चेहरे. शेवटी म्हटलं, काका रागावू नका, माझे वापराल का? त्यांनी ब्रश घेतला, हाताच्या पालथ्या बाजूवर उभा टेकवला (बरोब्बर तीच टेस्ट!) आणि म्हणाले, "मऊ आहे गं, पण पँकेक उचलायचा नाही हा. ओला स्पंज आणलायस का?" पँकेक म्हणजे स्टेजच्या मेकअपची ती घट्ट वडी. स्पंज आणला होता, लॅटेक्स नसलेला. "मग झालं की." सुरकुत्या त्यांनी माझ्या डोळ्यांच्या बारीक ब्रशने ओढल्या, इतक्या हलक्या हाताने की मला कळलंच नाही कधी म्हातारी झाले ते.

प्रयोगानंतर गाल नुसते गुलाबी होते, सकाळपर्यंत तेही गेले. नाटकात माझी सून झालेली मुलगी मागे आली, "ताई, तुझा तो मऊवाला दे ना, उद्या मला लग्नाला जायचंय." नाही दिला. तोंड पाडून गेली बिचारी, दोन दिवस बोलली नाही माझ्याशी, मग मीच तिला घेऊन मारुती रोडला गेले.