तुम्ही विचारलंत म्हणून: मी डाएट का सांगत नाही

"काय केलंस ते सांग ना." भिशीत, ऑफिसच्या जिन्यात, गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाची वाटी हातात घेता घेता. गेली सात-आठ वर्षं हा प्रश्न येतोय. मी म्हणते, "काही नाही हो, थोडं चालते." समोरचीचा चेहरा पडतो. मागे आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्याच एक काकू माझ्या जावेला म्हणाल्या, "तुझी जाऊ भारी भाव खाते. स्वतः बारीक झाली, दुसऱ्याला सांगायला तोंड दुखतं." जावेनं ते इमानदारीनं माझ्यापर्यंत पोचवलं. जावाच त्या.

तर काकू, एकदाच सांगते. मग पुन्हा विचारू नका.

आमच्या माहेरचं सगळं तुम्हाला माहीत आहे, ते उगाळत नाही. बाबा गेले तेव्हा 52 वर्षांचे होते, एवढंच इथे पुरे. मी विमा कंपनीत आहे. रोज प्रपोजल फॉर्म हाताखालून जातात आणि त्यात एक रकाना असतो: वडील हयात आहेत का, नसल्यास मृत्यूसमयी वय, मृत्यूचं कारण. वडिलांना किंवा भावाला 55 च्या आत, आईला किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर कान टवकारतात. दुसऱ्यांचे हे रकाने मी 22 वर्षं तपासले. स्वतःचं रक्त पहिल्यांदा तपासलं 2017 मध्ये, वयाच्या 45 व्या वर्षी, तेही ऑफिसात शिबिर लागलं आणि नाश्ता फुकट होता म्हणून. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 168, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 240, तीन महिन्यांची साखर 6.1, वजन 74.

मी काय केलं त्यात लपवण्यासारखं खरंच काही नाही. पोहे मी सोडले नाहीत. आपल्याकडचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, तेल त्यात बेताचंच. घात करते ती वरची मूठभर शेव, जिरावन मसाल्यातलं मीठ आणि शेजारी येऊन बसलेली जिलेबी. शेव गेली, जिलेबी वाढदिवसाला. सराफा बाजारातल्या खाऊगल्लीतले गराडू, म्हणजे तळलेला कंद, डिसेंबरात एकदा, अर्धी प्लेट, कारण त्याशिवाय हिवाळा आला असं मला वाटतच नाही. घरातलं तेल मोजलं. चार माणसांना महिन्याला साडेपाच लिटर जात होतं. माणशी दिवसाला चार छोटे चमचे धरले तर अडीच-पावणेतीन लिटरच्या वर जायला नको. तिथपर्यंत यायला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत सासूबाई माझ्याशी जे बोलल्या ते मी लिहिणार नाही. एका वेळेला भाकरी, एका वेळेला उसळ, लोणचं-पापड सणावारी. मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, असं सांगतात. ते मला आजतागायत जमलेलं नाही. आणि रीजनल पार्कात सकाळी सहाला चालणं, आठवड्यातून पाच दिवस, 40 मिनिटं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, अशा वेगानं.

झालं. हेच ते डाएट. यातलं तुम्हाला आधी माहीत नव्हतं असं एक तरी वाक्य आहे का?

नऊ महिन्यांनी वजन 65, ट्रायग्लिसराइड 138, साखर 5.6. आणि एलडीएल 139. बाकीचे आकडे पळाले, हा जागचा जेमतेम हलला. डॉक्टरांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "वडिलांचं वय बघता गोळी सुरू करू या." मी हसले. आतून चिडले होते खरं तर. नऊ महिने शेवेविना काढले ते गोळी खायला? "अजून सहा महिने द्या," मी म्हणाले, आणि ते सहा महिने दोन वर्षं चालले.

त्या दोन वर्षांत मी काय झाले होते हे आठवलं की आज कानाच्या पाळ्या गरम होतात. तेव्हा मी भरभरून सांगत होते, काकू. तुम्ही विचारलं नव्हतं तरी. 2016 सालचा एक मोठा अभ्यास मला कुठून तरी मिळाला होता, 55 हजारांवर माणसांचा. ज्यांच्या रक्तातच हृदयविकाराचा धोका जास्त, त्यांच्यातही जे सिगरेट ओढत नाहीत, लठ्ठ नाहीत, व्यायाम करतात आणि नीट खातात, त्यांना धोका जवळजवळ निम्मा. मी हे लग्नाच्या पंगतीत सांगायचे. ऑफिसातले एक भिया कचोरी खाता खाता मला डिवचायचे, "मॅडम, वो अमेरिका वाला तो दौड़ते-दौड़ते ही मर गया था." जिम फिक्स. अमेरिकेला पळायला लावणारा माणूस, 1984 मध्ये पळता पळताच गेला, 52 व्या वर्षी. बाबांचंच वय. माझ्याकडे उत्तर तयार असायचं. त्याच्या वडिलांना पहिला झटका 35 व्या वर्षी आला आणि ते 43 व्या वर्षी गेले. हा पस्तिशीपर्यंत लठ्ठ होता, दिवसाला दोन पाकिटं ओढायचा. पळाला म्हणून वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला की नाही? भिया गप्प. मी जिंकले.

फिक्सच्या रक्तवाहिन्या आतून तुंबलेल्या निघाल्या होत्या, हेही मी त्याच्यावरच्या लेखात वाचलं होतं. सांगताना तेवढं गाळायचे. आणि निम्मा धोका म्हणजे शून्य धोका नव्हे, हे विम्यात पोट भरणाऱ्या बाईला दुसऱ्या कुणी समजावून सांगायला हवं होतं का?

आता दादाचं.

दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. त्याला 2018 पासून कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती. माझं बघून तोही सकाळी पार्कात यायला लागला. 2019 च्या दिवाळीत, फराळ करताना, तो म्हणाला, "छोटी, पोटऱ्यांत गोळे येतात गं. त्या गोळीनंच होत असेल का?"

मी म्हणाले, "असेल." आणि पुढे म्हणाले, "मी तर गोळीशिवाय आणलं बाई सगळं खाली."

एवढंच. 'बंद कर' असं मी म्हणाले नव्हते. हे मी स्वतःला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. मी डॉक्टर नाही, तो लहान मूल नव्हता, पोटऱ्या त्याच्या होत्या, निर्णय त्याचा होता. सगळं खरं. पण 'असेल' म्हणताना माझा आवाज कसा होता ते मला माहीत आहे.

पुढच्या जानेवारीत, संक्रांत होऊन दोन दिवस झाले होते. कडाक्याची थंडी, तलावावर धुकं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. दादानं माकडटोपी घातली होती आणि मी वाढदिवसाला दिलेले बूट. आमच्या तीन फेऱ्या ठरलेल्या असायच्या. दुसरी संपताना तो कठड्यापाशी थांबला, गालावर हात ठेवला आणि म्हणाला, "जबडा ठणकतोय गं." त्याच्या डाव्या दाढेचं काम चालू होतं. थंडीनं दाढ ठणकत असेल, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं.

मी म्हणाले, "एकच राउंड राहिलाय, दादा. चल."

तो आला. मोठा भाऊ होता, तरी लहान बहिणीच्या मागे मुकाट आला. मी दहा पावलं पुढे. बाजरीची खिचडी कमी तुपात कशी करायची ते मी त्याला मागे न बघता सांगत होते. बराच वेळ सांगत होते. हुंकार येत नाही असं लक्षात आलं तेव्हा वळले. तो वाटेच्या कडेला, गवतावर बसला होता. टोपी काढून हातात धरलेली, आणि त्या थंडीत कपाळावरून घाम निथळत होता. माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "गॅस झालाय," म्हणाला. "पाच मिनिटं बसतो."

आमच्या घरातला 'गॅस' हा शब्द मला माहीत आहे. बाबांना 1994 मध्ये रात्री गॅसच झाला होता. आईनं ओवा दिला होता.

रोज येणाऱ्यांतले एक निवृत्त गृहस्थ धावत आले. त्यांच्या खिशात अॅस्पिरिन होती, ती त्यांनी दादाला चावून खायला लावली, आणि त्यांच्याच गाडीतून आम्ही निघालो. पूर्ण रस्ताभर दादा सांगत होता की त्याला गॅस झालाय आणि ऑफिसला कळवायला हवं. मी त्याचे बूट बघत होते. दवाखान्यात पोचल्या पोचल्या ईसीजी, मग टेबलावर, मग स्टेंट. वाचला. पण हृदय आता दर ठोक्याला आतलं 35 टक्केच रक्त बाहेर ढकलत होतं. निरोगी हृदय 55 च्या पुढे असतं.

रात्री जुने रिपोर्ट आणायला वहिनी घरी गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात फायलीबरोबर गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. न फोडलेल्या. दिवाळीपासूनच्या. तिनं त्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि शेजारच्या खुर्चीवर बसली. काही बोलली नाही. त्या दिवशी नाही आणि आजपर्यंत नाही. भांडली असती तर बरं झालं असतं.

दादा भेटेल त्याला सांगतो, "छोटी सोबत होती म्हणून वाचलो." हे तुम्हीही त्याच्या तोंडून ऐकलं असेल. काकू, तुम्ही माझ्याकडे ज्या कौतुकानं बघता ना, ते याच्यातून आलंय. त्या तिसऱ्या राउंडचं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. विसरला की झाकतो, हे विचारायची माझी हिंमत नाही.

डॉक्टरांना मी एकटीनं गाठून विचारलं होतं, अडीच-तीन महिने गोळी सुटल्यानंच झालं का. ते म्हणाले, तसं एका माणसाबद्दल कुणी सांगू शकणार नाही, गोळी चालू असतानाही येऊ शकतो. चांगले आहेत ते. पण मी अशीच वाक्यं रोज लिहिते, क्लेम नाकारतानाची. सांगता येत नाही म्हणजे झालं नाही, असा त्याचा अर्थ होत नाही.

मग त्यांनी आम्हा दोघांनाही एक तपासणी लिहून दिली. लायपोप्रोटीन (ए), एलडीएलसारखाच रक्तातला एक चरबीचा कण. आयुष्यात एकदा केली तरी पुरते, कारण हा आकडा आईबापांकडून येतो आणि जन्मभर साधारण तसाच राहतो. 50 च्या वर गेला की धोका वाढतो. दादाचा 118 आला, माझा 97. भाकरीनं, चालण्यानं, शेव सोडल्यानं तो हलत नाही म्हणतात. मी रिपोर्ट हातात धरून तेलाच्या पिशव्यांचा हिशेब आठवत बसले. दोन वर्षं मी घराचं एक दार राखत होते आणि दुसरं आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी गोळी सुरू केली. आता एलडीएल 66 आहे. पोटऱ्या कधी कधी दुखतात. ती गोळीनं, चालण्यानं की त्रेपन्नाव्या वर्षानं, कोण सांगणार.

यावर तुमचा दुसरा प्रश्न असतो, तोही ऐकलाय: "गोळीच खायची तर मग एवढं चालायचं कशाला?" कधी मला वाटतं, साखर खाली आहे, जिने चढताना दम लागत नाही, ही गोळीची करामत नाही, तेवढ्यासाठी. कधी वाटतं, निव्वळ हट्ट. तो 2016 चा अभ्यास मी अजून खोटा मानत नाही. पण तो हजारोंचा आहे, त्यात माझ्या नावाचा रकाना नाही. गेल्या वर्षी मी बाबांच्या वयाच्या पुढे गेले. त्या दिवशी फिक्सची आठवण आली आणि त्याच्या नऊ वर्षांचा मी जो हिशेब मांडायचे त्याची लाज वाटली. मग वाटलं, का वाटावी? नऊ वर्षं काही कमी नाहीत. अजून माझं माझ्याशी हे भांडण मिटलेलं नाही.

दादाही चालतो, आता सपाटीवर, हळू. दोन राउंड. तिसऱ्याचं नाव मी काढत नाही. तो थांबला की थांबते, आणि गप्पा मारताना त्याच्या मागे चालते.

तुम्हाला मी उत्तर टाळू शकते, काकू. भाच्याला टाळता येत नाही. 26 वर्षांचा आहे, पुण्याहून दिवाळीला आला होता, जिममध्ये जातो, दंड दाखवत होता. चिवडा खाता खाता म्हणाला, "आत्या, तू नेमकं काय केलं होतंस? मला नीट सांग ना." वहिनी स्वयंपाकघरात होती. भांड्यांचा आवाज थांबला.

मी म्हणाले, "आधी एक रक्ततपासणी कर."

"करतो गं. तेवढी दिवाळी होऊ दे."

तो परत गेलाय. लॅबची चिठ्ठी माझ्याच पर्समध्ये आहे.